मागच्या चाकांचा इतिहास

माझ्या लहानपणी मुलुंडच्या पोरांसाठी पवईला जायचं म्हणजे हाकोनेला जायचं. हिरानंदानी गार्डन्समधलं हे करमणूक केंद्र. तिथे गो-कार्टचा छोटा ट्रॅक होता, कडेला टायरांच्या भिंती होत्या आणि हवेत पेट्रोलचा वास. मामेभावाच्या वाढदिवसाला आम्ही तिथे गेलो. वळणावर त्याच्या कार्टची मागची बाजू बाहेर फेकली गेली, त्याने घाबरून स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि कार्ट तिरकी घसरत वळण पार करून सरळ झाली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "ड्रिफ्ट मारला." शब्द 'टोकियो ड्रिफ्ट' या २००६ च्या हॉलिवूडपटातून आला होता. तो सिनेमा आम्ही तेव्हा टीव्हीवर अर्धामुर्धा पाहिला होता.

हाकोने हे जपानमधल्या एका घाटाच्या गावाचंही नाव आहे, आणि रात्रीच्या चोरट्या मोटारबाजीसाठी जे जपानी घाटरस्ते प्रसिद्ध झाले त्यांत हाकोनेचा रस्ता वरच्या क्रमांकावर आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. पवईच्या केंद्राचं बारसं करणाऱ्याच्या मनात हे असेल असं वाटत नाही. योगायोगच. पण उपनगरातल्या घसरणाऱ्या गाड्यांविषयी लिहायला बसलो की मला सुरुवात तिथूनच करावीशी वाटते.

मामेभावाने मारला तो ड्रिफ्ट नव्हता, नुसती घसरण होती. दोन्हींतला फरक समजायला आधी टायर समजून घ्यावा लागतो. टायरकडे पकडीचा एकच पगार असतो. त्यातूनच वेग वाढवायचा, त्यातूनच ब्रेक लावायचा आणि वळताना गाडीला बाहेर जाऊ न देण्याचा खर्चही त्यातूनच भागवायचा. सगळा पगार वेग वाढवण्यात उडवला तर वळण्यासाठी काही उरत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणावर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की नेमकं हेच होतं. मागची चाकं जागच्या जागी गरगरतात, त्यांची आडवी पकड जाते आणि गाडीची शेपटी बाहेर निघते. आता चालकाने पुढची चाकं उलट्या दिशेला, म्हणजे घसरणीच्या दिशेला वळवायची आणि ॲक्सिलरेटर इतकाच दाबून ठेवायचा की मागची चाकं घसरत तर राहतील, पण गाडी गर्रकन फिरणार नाही. गाडीचं नाक वळणाच्या आत, पुढची चाकं बाहेरच्या बाजूला आणि अख्खी गाडी तिरकी, पण रस्त्याने चाललेली. ही अवस्था सगळं वळणभर टिकवून धरणं म्हणजे ड्रिफ्ट. तिथे पोचायच्या वाटा अनेक आहेत. हँडब्रेकने मागची चाकं क्षणभर जाम करायची, क्लच दाबून इंजिनाचा वेग चढवून तो झटक्यात सोडायचा, किंवा वळणाआधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढून वजन पुढच्या चाकांवर ढकलायचं, म्हणजे मागचा भाग हलका होतो.

गो-कार्टची गंमत अशी की तिला डिफरन्शियल नसतो. मोटारीत मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता येतं, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. कार्टची दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे वळताना त्यांतलं एक घसरणार किंवा उचललं जाणार हे ठरलेलंच. ड्रिफ्टसाठी गाड्या तयार करणारे लोकही हाच उद्योग करतात. डिफरन्शियल वेल्डिंगने जाम करतात किंवा मर्यादित मोकळीक देणारा बसवतात, म्हणजे दोन्ही चाकं एकदम सुटतात. पवईच्या त्या ट्रॅकवर प्रत्येक पोरगं थोडंफार घसरून येई, ते यामुळे.

घसरत वळण घेणं जपान्यांनी शोधलेलं नाही. १९३० च्या दशकात इटलीचा तात्झिओ नुवोलारी ग्रांप्री शर्यतींत चारही चाकं किंचित सरकवत वळणं घेई. तेव्हाच्या अरुंद, कडक टायरांवर तोच सर्वांत जलद मार्ग होता. पुढे टायर सुधारले आणि घसरणं म्हणजे वेळ वाया घालवणं ठरलं. जपानमध्ये १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा आधी मोटारसायकलवर जागतिक ग्रांप्री शर्यत जिंकलेला चालक मोटारींच्या शर्यतीत गाडी भलतीच तिरकी करून, टायरांचा धूर काढत वळणं घेई. ते पाहून वेडा झालेल्या पोरांपैकी एक केइची त्सुचिया. त्याने ही विद्या घाटरस्त्यांवर, रात्री, बेकायदा घोटली. १९८७ साली 'प्लसपी' नावाच्या व्हिडिओफितीत त्याचं घाटातलं ड्रिफ्टिंग लोकांनी पाहिलं आणि घाटाघाटात पोरं सुटली. त्यात माणसं मेली, पोलिसांनी रस्ते अडवले, काही वळणांवर रस्त्यातच उंचवटे घातले गेले. २०००-०१ च्या सुमारास त्सुचिया आणि 'ऑप्शन' मासिकाचा दाइजिरो इनादा यांनी डी१ ग्रांप्री ही स्पर्धा उभी केली. ती बंद ट्रॅकवर होते आणि तिथे गुण मिळतात ते कोन, वेग आणि रेषा यांना. रस्त्यावरून ट्रॅकवर यायला या खेळाला जवळपास पंचवीस वर्षं लागली.

आता कुर्ल्याला येतो.

माझे आजोबा प्रीमियरमध्ये फिटर होते. घरी 'प्रीमियर' एवढंच म्हणत, 'ऑटोमोबाइल्स' कोणी जोडत नसे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या या कंपनीचा कारखाना कुर्ल्याला होता. तिथे फियाट ११०० तयार होई. तिचंच नाव १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक अश्वशक्ती, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. आजोबांकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती, पण गाड्यांचे त्यांनी दोनच वर्ग केले होते: मागून लोटणारी आणि पुढून ओढणारी. मागून लोटणारी गाडी पावसात फेकते, असं ते म्हणत. त्यांचे दोस्त असलेले टॅक्सीवाले पहिल्या पावसात वळणावर ॲक्सिलरेटरला पाय लावत नसत. कोरड्या रस्त्यावर चाळीस अश्वशक्तीची फियाट टायर सोडवण्याइतका जोर लावूच शकत नाही. पण रस्त्यावर महिन्यांचं सांडलेलं तेल, धूळ, टायरांची झिज, आणि त्यावर पहिली सर. तेवढ्या चिखलात चाळीस घोडे पुरतात. त्या पिढीच्या चालकांना उलटं स्टिअरिंग शाळेत शिकवलं नव्हतं. सायनच्या वळणावर, माहीमच्या उतारावर ते आपोआप अंगवळणी पडलं होतं. हौस म्हणून नव्हे, घरी पोचायचं म्हणून.

या इतिहासातलं माझं आवडतं वर्ष १९८३ आहे. त्या वर्षी जपानमध्ये टोयोटाने कोरोलाची नवी पिढी काढली. साध्या कोरोला पुढच्या चाकांवर गेल्या, पण एईएटीसिक्स म्हणजे एई८६ या दोन दारी प्रकाराला जुनाच मागच्या चाकांचा सांगाडा राहू दिला. ही हलकी आणि स्वस्त गाडी त्सुचियाची गाडी झाली आणि पुढे 'इनिशियल डी' या मांगामुळे जगभर देव्हाऱ्यात बसली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात मारुती ८०० आली. पुढून ओढणारी. तिकडे ड्रिफ्टला त्याची गाडी मिळाली आणि इकडे आम्हा मध्यमवर्गीयांची मागची चाकं कायमची मुकी झाली. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली. तिच्यात निसान या जपानी कंपनीचं इंजिन होतं आणि जोर मागच्याच चाकांना होता, पण वारं फिरलं होतं. २००१ च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत.

पुढून ओढणारी गाडी सुरक्षित म्हणून आली आणि बऱ्याच अंशी ती आहेही. ती घसरली तर बहुधा नाकाने घसरते, म्हणजे वळायचं सोडून सरळ जाते. साधा माणूस घाबरून ॲक्सिलरेटर सोडतो आणि ते बरोबरच ठरतं. तिच्यात ड्रिफ्ट टिकवता येत नाही, कारण मागची चाकं गरगरवायला जोरच नाही. हँडब्रेक ओढून शेपटी फेकता येते, एवढंच. आणि नेमकं तेवढंच आम्हाला करायचं होतं.

२०१६ चा जुलै. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपलेलं. मुलुंडला जुन्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहत होते आणि त्यांच्यामधला एक नवा रस्ता रात्री रिकामा असे. पहाटे साडेचारच्या सुमाराला आम्ही चौघे मित्राच्या वडिलांची हॅचबॅक घेऊन तिथे गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. मित्र चालवत होता, मी शेजारी. थिअरी माझी होती. वर लिहिलं ते सगळं मी तेव्हाही जवळपास असंच समजावलं असेन. त्यामुळे ठरलं की स्टिअरिंग त्याचं आणि हँडब्रेक माझा.

पहिल्या दोन वेळा जमलं. ओल्या काँक्रीटवर गाडी अगदी सिनेमातल्यासारखी फिरली, मागचे दोघे ओरडले. तिसऱ्या वेळी वेग जरा जास्त होता, चाळीस-पंचेचाळीस असेल. मी हँडब्रेक ओढला, मागची बाजू निघाली, मित्राने स्टिअरिंग उलटं फिरवलं, मी हँडब्रेक सोडला. त्याच क्षणी गाडी काँक्रीटवरून एका सोसायटीच्या फाटकासमोरच्या पेव्हर ब्लॉकवर आली.

ड्रिफ्टमध्ये धोका पकड जाण्यात असतो अशी आमची समजूत होती. जास्त मोठा धोका पकड परत येण्यात असतो. गाडी घसरत असते तोवर पुढची चाकं कुठे वळली आहेत याचा परिणाम कमी असतो. ती घसरणीच्या दिशेला, म्हणजे रस्त्याच्या बाहेर तोंड करून असतात. अचानक खडबडीत भाग लागला की टायर रस्ता धरतात आणि गाडी पुढच्या चाकांचं तोंड असेल तिकडे उसळते. आमच्या पुढच्या चाकांचं तोंड फाटकाकडे होतं. फाटकाजवळ वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती. गाडीने खुर्ची चिरडली आणि फाटकाच्या खांबाला टेकून थांबली. खुर्ची रिकामी होती. वॉचमनकाका पाण्याची मोटार चालू करायला पंपरूममध्ये गेले होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. "कोणाला लागलं का?" एवढंच त्यांनी विचारलं, मग वाकून खुर्चीचे तुकडे गोळा करायला लागले.

आम्ही नवी खुर्ची आणून दिली. खांबाचे पैसे मित्राच्या वडिलांनी भरले. हँडब्रेक माझ्या हातात होता हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर या विषयातलं गणित मी चवीने नव्हे, जरा धास्तीने केलं. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.८ धरा, ओल्या, तेलकट रस्त्यावर ०.४. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण पहिल्या रस्त्यावर ताशी ७१ किलोमीटरपर्यंत पकड ठेवून घेता येतं, दुसऱ्यावर ५० पर्यंतच. साठच्या वेगाला नुसतं ब्रेकिंगचं अंतर १८ मीटरवरून ३५ मीटरवर जातं, आणि माणसाला प्रतिक्रिया द्यायला लागणाऱ्या एका सेकंदात गाडी आणखी १७ मीटर पुढे गेलेली असते. जागेचा हिशोब तर कोणी करतच नाही. चार मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद गाडी चाळीस अंशांनी तिरकी झाली की तिला जवळपास ३.९ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. आपल्या रस्त्यांवरची मार्गिका ३.५ मीटरची. म्हणजे जगातल्या सर्वांत कुशल माणसानेही, सगळं अचूक करून, एका मार्गिकेत ड्रिफ्ट केला तरी तो शेजारच्याच्या मार्गिकेत असतो. उंच गाड्यांचं दुखणं वेगळं. जमीन सपाट असेल तर त्या उलटण्याआधी घसरतात, पण घसरत जाऊन चाक दुभाजकाला किंवा खड्ड्याच्या कडेला अडलं की वरचं वजन पुढे जातं आणि गाडी आडवी होते. इनोव्हा, बोलेरो, ओम्नी या मागून लोटणाऱ्याच गाड्या आहेत, म्हणून पोरांना त्या ड्रिफ्टसाठी मोहात पाडतात. त्यांच्यात हा प्रयोग करू नये, असं मी इथे सरळ लिहून ठेवतो.

पण आकड्यांपेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की ०.८ किंवा ०.४ यांपैकी कुठलाही एक आकडा आपल्या रस्त्यावर दहा मीटरसुद्धा टिकत नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने एकदा जाऊन बघा. काँक्रीट, मग डांबराचं ठिगळ, मॅनहोलचं लोखंडी झाकण, पुलाखालचा कोरडा तुकडा आणि बाहेर आलं की लगेच ओला, कडेला पेव्हर ब्लॉक, बांधकामाच्या डंपरमधून सांडलेली खडी. ड्रिफ्ट हे नियंत्रण आहे असं त्याचे चाहते म्हणतात आणि ते खरं आहे, पण ते नियंत्रण ओळखीच्या पृष्ठभागावर उभं असतं. जपानी घाटातली पोरं एकच वळण शेकडो रात्री घोटायची, तरीही मरायची. ट्रॅकवर निदान पृष्ठभाग सारखा असतो, कडेला टायरांची भिंत असते आणि समोरून दुधाचा टेम्पो येत नाही.

अशी जागा उपनगरात कधीच नव्हती असं नाही. जुहूचा विमानतळ १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले होते. पावसाळ्यात त्या जमिनीचा चिखल होई. स्वातंत्र्यानंतरच्या काळात त्याच धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. मद्रासजवळच्या शोलावरमला आणि कलकत्त्याजवळच्या बराकपूरला झाल्या तशाच. धावपट्टी म्हणजे सपाट, एकसारखा, रिकामा पृष्ठभाग, घसरायला हवा तसा. मद्रासवाल्यांनी शोलावरमनंतर १९९० च्या सुमारास इरुंगट्टुकोट्टईला कायमचा ट्रॅक बांधला. मुंबईत धावपट्टी हेलिकॉप्टरांकडे राहिली आणि शर्यतींच्या वाट्याला दुसरं काही आलं नाही. जमिनीचा भाव पाहता आश्चर्य वाटायला नको. पण इथल्या पोरांना घसरून पाहायला मिळालेली जागा म्हणजे पवईतल्या कार्टच्या ट्रॅकसारखे चार तुकडे, आणि बाकी पश्चिम द्रुतगती मार्ग.

ट्रॅक असता तर मी हँडब्रेक ओढला नसता, असा दावा मी करणार नाही. कार्ट आम्ही चालवल्या होत्या, तरी मुलुंडच्या त्या रस्त्यावर गेलोच.

कायद्याने या प्रकाराकडे कसं पाहिलं आहे तेही गमतीदार आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी घ्यायला मनाई करतं. १९८८ च्या मूळ कायद्यात त्याला एक महिना कैद किंवा पाचशे रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी तीन महिने किंवा पाच हजार आणि पुन्हा केल्यास एक वर्ष किंवा दहा हजार झाला. पण ते कलम वाहनांमधल्या शर्यतीचं आहे. एकटा माणूस एकाच चौकात गोल गोल घसरत असेल तर ती शर्यत नव्हे. त्याला कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, लावावं लागतं. आणि कोणी मेलं तर प्रश्न येतो तो मनात काय होतं याचा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक दारू प्यायलेला होता. तो ड्रिफ्टचा प्रकार नव्हता. पण खटल्याचा प्रवास वाचण्यासारखा आहे. खालच्या कोर्टाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. असं चालवलं तर माणूस मरू शकतो हे चालकाला माहीत होतं, असं न्यायालयाने मानलं. मी ते वाचलं तेव्हा मला आमची थिअरी आठवली. आम्हाला तर गुणांकासकट माहीत होतं.

१२ मार्च २०२३ ला वांद्र्याच्या बँडस्टँडवर रेड बुलने फॉर्म्युला वन गाडी चालवून दाखवली. चालक डेव्हिड कुल्टहार्ड, गाडी आरबी७, जिच्या जोरावर २०११ चं जगज्जेतेपद मिळालं होतं ती. रस्ता बंद, दोन्ही बाजूंना अडथळे, त्यामागे माणसांची भिंत. मीही होतो, एका उंच माणसाच्या खांद्यावरून मोबाइल धरून. त्याने गाडी जागच्या जागी गोल फिरवून धूर काढला तेव्हा शेजारची पोरं मुलुंडच्या त्या पहाटेसारखीच ओरडली. मीही ओरडलो.

आठवड्याभराने कामासाठी तिकडून गेलो. रस्त्यावर काळी वर्तुळं अजून दिसत होती. एक पोरगा स्कूटरवर होता, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, आणि त्या वर्तुळाच्या रेषेवरून पाय टेकवत हळूहळू स्कूटर फिरवत होता. दोन फेऱ्या झाल्यावर त्याने जरा वेग वाढवला. मागून बसने हॉर्न दिला.